कारणं सांगणाऱ्या बाई

माणूस समोर आला की आमच्या बाई आधी त्याच्या पायांकडे बघत. चेहऱ्याकडे मागाहून. मान किंचित तिरकी करून त्या चपला बघत, घोटे बघत, उभं राहण्याची ढब बघत, आणि सावकाश वर येत येत तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचत. तोवर समोरचा माणूस अर्धा मेलेला असे. आमच्या सेक्शनला नवे साहेब रुजू झाले तेव्हा बाईंनी त्यांनाही असंच न्याहाळलं. साहेबांना वाटलं बुटांना काही लागलंय. दुसऱ्या दिवशी ते बूट चकाचक करून आले, बाईंनी पुन्हा तितकंच निरखून पाहिलं, आणि साहेब आठवडाभर टेबलाखाली पाय लपवून बसत राहिले.

"खालून वर यायचं, भाऊ," बाई मला सांगत. "वरून सुरुवात केली की चेहऱ्यालाच फसतो माणूस."

असली एखादी तऱ्हा असलेली माणसं तुमच्याही कचेरीत असतीलच. पण आमच्या बाईंच्या तऱ्हेमागे घोडे होते, आणि हे कळल्यावर मी तरी खुर्चीत सावरून बसलो होतो.

हैदराबादच्या एका सरकारी कचेरीत आम्ही एकाच सेक्शनला होतो. मी राहायला कुकटपल्लीला, बाई तारनाक्याला. त्यांचे यजमान रेल्वेत. माझी माणसं उदगीरकडची, शेतीतली. बाईंचं घर बौद्ध, नांदेडकडचं. त्यांचे आजोबा या शहरात आले तेव्हा नांदेड आणि हैदराबाद एकाच राज्यात होती, त्यामुळे आपण परराज्यातल्या आहोत हे बाईंना कधी मनापासून पटलं नाही. आम्ही दोघं मराठी बोलायचो. अर्थात आमची मराठी. तिच्यात "नक्को" आणि "हौ" असायचं, मध्येच ठीक आहे या अर्थाचं तेलुगूतलं "सरे" यायचं, आणि पुण्याहून कुणी नातेवाईक आला की आम्ही दोघंही जरा जपून तोंड उघडायचो.

बाईंना घोड्यांचा नाद लागला तो कचेरीमुळेच. शहराबाहेरच्या एका मैदानावर दर हिवाळ्यात देशी घोड्यांचं प्रदर्शन भरे. तिथं नावनोंदणीच्या टेबलावर बसायला आमच्या खात्यातून एक माणूस द्यावा लागे. रविवार फुकट जाणार म्हणून जो तो अंग काढून घेई. त्या वर्षी मी पाठदुखी सांगितली आणि बाई सापडल्या. शनिवारी संध्याकाळी त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

सोमवारी आल्या त्या वेगळ्याच. डबा उघडायच्या आत बोलायला लागल्या. "भाऊ, तिथं पंचाला कारण सांगावं लागतं हो! माइकवर!"

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं समजावलं. रिंगणात घोडे येतात. मालक किंवा साईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, त्यांना चालवून दाखवतो, दुडकी दाखवतो, मग ओळीनं उभं करतो. पंच नंबर लावतात. इथवर सगळीकडे असतं तसंच. पण या प्रदर्शनाची जुनी रीत अशी, की नंबर लावून झाला की पंचानं माइक हातात घेऊन सगळ्या लोकांसमोर सांगायचं, पहिल्याला पहिला का दिला, आणि दुसरा त्याच्या मागे का राहिला. मालक तिथंच उभा असतो, त्याच्या तोंडावर सांगायचं. त्याला पटो न पटो, कारण कानावर पडल्याशिवाय त्याला कुणी घरी पाठवत नाही.

"एक माणूस तर शेवटच्या नंबरचा होता," बाई म्हणाल्या. "त्याला पण तिथल्या मोठ्या पंचांनी, कर्नलसाहेबांनी सांगितलं, तुमच्या घोड्याची पाठ खोल आहे, म्हणून मागे. तो सलाम करून गेला, भाऊ. रडला नाही, भांडला नाही. समजलं त्याला."

एवढ्या साध्या गोष्टीचं इतकं काय, असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. बाईंनी हातातला घास तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "आमचं नवीन लग्न झालेलं. सुलतान बाजाराच्या मागं एक घर बघितलं होतं. दोन खोल्या, नळ आत. मालकीण मराठीच, चांगली बोलली, चहा दिला. जाताना आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर म्हणे, घर द्यायचं नाही. का म्हणून विचारलं तर नुसतं, 'नाही द्यायचं.' कारण मला माहीत होतं, भाऊ. तिलाही माहीत होतं. पण तिच्या तोंडून ते कधी निघालं नाही."

बाईंनी घास खाल्ला, डबा धुतला आणि परत येऊन जाहीर केलं, "मी पंच होणार."

हसू नका. मी हसलो होतो आणि मला आठवडाभर बाईंच्या डब्यातली चटणी मिळाली नव्हती.

पंच होणं ही काही अर्ज देऊन मिळणारी गोष्ट नव्हती. तिथले मुख्य पंच म्हणजे कर्नलसाहेब, लष्करातून निवृत्त झालेले घोड्यांचे डॉक्टर, जुने हैदराबादी, दखनी बोलणारे. त्यांनी बाईंना पायऱ्या सांगितल्या. आधी रिंगणात राबायचं, घोडे ओळीत उभे करायचे. मग शिकाऊ म्हणून पंचाच्या मागे उभं राहायचं, तोंड बंद ठेवून मनात नंबर लावायचे, आणि निवड संपली की पंचाला एकट्याला कारणं सांगायची. ती जमली की शिंगरांच्या वर्गात परीक्षा. त्यात उतरलात तर पंच.

"कितने बरस लगते, साहब?" बाईंनी विचारलं.

"आपके ऊपर है," कर्नलसाहेब म्हणाले. "कुछ लोगां अब्बी तक सीख रहें."

बाई चाळिशी ओलांडलेल्या. आयुष्यात घोड्यावर बसलेल्या नाहीत. पहिल्या दिवशी एका घोडीनं त्यांच्या कानाशी फुर्रकन श्वास सोडला तेव्हा त्या माझ्या पाठीमागे येऊन लपल्या. हो, मी पण होतो. सोबतीला म्हणून जे धरून नेलं ते पुढं सुटलोच नाही. दर रविवारी दोन बस बदलून आम्ही शहराबाहेरच्या तबेल्यांवर जायचो. सुती साडी उंच खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर यजमानांची रेल्वेतली जुनी टोपी, असा त्यांचा थाट. साईस लोक सुरुवातीला गालात हसायचे. मग त्यांना कळलं की या बाई प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. तेव्हापासून चहा सांगायला लागले.

दात बघून वय ओळखायला त्या शिकल्या. दुधाचे दात असलेल्या घोड्याला आदंत म्हणतात, मग दोन दात, चार दात, असं मोजत जायचं. खूर हातात घेऊन बघायला शिकल्या. घोडा आपल्यापासून लांब जाताना बघायचा, जवळ येताना बघायचा, बाजूनं बघायचा, हे शिकल्या. आणि कारणं सांगायचा सराव तर कुठंही चालायचा. कँटीनमध्ये समोसे आले की बाई प्लेट फिरवून बघत. "पहिला नंबर डावीकडचा. कडा नीट मिटलेल्या आहेत, पोट भरलेलं आहे. दुसरा हा, रंग चांगला, पण खालून मऊ पडलाय." तिसरा समोसा मुकाट्यानं मी खायचा.

सुलतान बाजारात एकदा त्यांच्यासोबत साडीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं पाच साड्या टाकल्या. बाईंनी पाचांचे नंबर लावून प्रत्येकीचं कारण सांगितलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "अम्मा, तुम्ही एक तरी घ्या, नाही तर उद्या माझ्या गल्ल्यावर बसा." दुकानाच्या पायरीवर मी चपला घालत होतो तोवर बाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चाली बघून घेतल्या. डाव्या पायावर भार टाकणारे, आत पाऊल टाकणारे, सगळे त्यांनी ओळीनं लावले. तिथून जाणाऱ्या आमच्या साहेबांना चौथा नंबर मिळाला. त्यांना काही कळलं नाही, पण पाऊल मात्र त्यांनी झटकन उचललं.

घरीही हेच. यजमान मला म्हणाले होते, "आमच्याकडे कुकर शिट्टी मारतो ती पण कारण सांगून."

आणि एवढं सगळं करून बाई पहिल्या परीक्षेत नापास झाल्या.

शिंगरांचा वर्ग होता. चार शिंगरं. वेळ ठरलेला. बाई पहिल्या शिंगराशी वाकल्या त्या वाकल्याच. खूर पाहिले, घोटे पाहिले, पुन्हा खूर. दुसऱ्याशी तसंच. घंटा झाली तेव्हा त्यांनी एकाही शिंगराला धड चालताना पाहिलं नव्हतं. कारणं सांगायला उभ्या राहिल्या तर सांगायला फक्त खूर. गोल खूर, चपटे खूर, काळे खूर. लोक हसायला लागले. कर्नलसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, आप खूरां सब देखे. घोडा एक बी नै देखे."

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मी धीर द्यायला काहीतरी बरळलो, पुढच्या वर्षी होईल, कर्नलसाहेब कडकच आहेत वगैरे. बाई वळल्या. डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत. "कडक कशाला? बरोबर सांगितलं त्यांनी. नापास का, ते तोंडावर सांगितलं. आता मला काय करायचं ते कळतंय." तारनाक्याला उतरताना त्या जवळजवळ खुशीत होत्या. असं नापास होणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, पुढंही पाहिलं नाही.

त्याच सुमाराला राज्याचे दोन भाग व्हायचं ठरलं. तुम्ही हैदराबादचे असाल तर ते दिवस तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. कचेरीत काम बंद आणि चर्चा चालू. कोण इकडचा, कोण तिकडचा, कुणाची खुर्ची कुठं जाणार, कपाटं कुणाची, पंखे कुणाचे. बरोबर जेवणारी माणसं एकमेकांकडे हिशेबानं बघायला लागली. आम्हा दोघांना दोन्ही बाजूंचे लोक गमतीनं विचारत, "आप लोगां किधर के?" बाई डब्यातून मान वर न करता सांगत, "इधरीच के."

घोड्यांच्या प्रदर्शनाची समितीही फुटली. किनाऱ्याकडच्या, म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मंडळींनी आपली वेगळी समिती काढली. तंबू वाटले, सतरंज्या वाटल्या, माइक इकडे राहिला तर भोंगे तिकडे गेले. अडलं ते एका काठीपाशी. घोड्याची उंची मोजायची सागवानी काठी, पितळी आडव्या दांडीची, एकच होती. तिच्यावरून बैठकीत इतकी जुंपली की कुणीतरी करवत आणायला सांगितली. शेवटी बाई उठल्या आणि त्यांनी विचारलं, "अर्ध्या काठीनं तुम्ही काय मोजणार? बकऱ्या?" हशा पिकला. काठी तिकडच्यांना देऊन टाकली आणि आम्ही नवी करून घेतली.

पण माणसांचं तसं करता येत नव्हतं. आमच्या तीन पंचांपैकी एक तिकडे गेला. प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि सर्वश्रेष्ठ घोड्याची निवड तीन पंचांशिवाय होत नाही, हा नियम. कर्नलसाहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. म्हणाले, मैदानावरच परीक्षा होईल, सगळ्यात मोठ्या वर्गात. नंबर आणि कारणं टिकली तर तुम्ही पंच. नाही टिकली तर विषय संपला, कारण माझंही वय झालंय आणि दुसऱ्यांदा तुमच्यासाठी भांडायला मी असेनच असं नाही. बाई "हौ" म्हणाल्या आणि बाहेर येऊन माझ्या हातातली पाण्याची बाटली घेऊन अख्खी प्यायल्या.

त्या वर्षी गर्दीही तुफान होती. नव्या राज्यातलं पहिलं प्रदर्शन. शेवटच्या फेरीत दोनच जनावरं खऱ्या अर्थानं उरली. एक पंचकल्याणी घोडा, म्हणजे चारही पाय आणि कपाळ पांढरं, मान अशी की बघत राहावं. समितीच्या उपाध्यक्षांचा होता. दुसरी एक कुमैत घोडी, विटकरी तांबूस रंगाची, साधीच. तिचा मालक जुन्या शहरातला म्हातारा, वरातीला घोडे भाड्यानं देणारा. सगळे त्याला चाचा म्हणत. गंमत अशी, की ही घोडी मात्र त्यानं कधी कुठल्या वरातीला नेलेली कुणी पाहिली नव्हती.

बाईंनी या वेळी आधी दोघांना चालवायला लावलं. लांब, जवळ, बाजूनं. दुडकी दोनदा. मग खूर. मग सावकाश वर येत त्या घोडीच्या तोंडापाशी पोचल्या आणि थांबल्या. डाव्या डोळ्याखाली त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं.

चाचाचा चेहरा पांढरा पडला. आमच्या भागात घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ बघायची पद्धत आहे. डोळ्याखाली भोवरा असला की त्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर मालकाला रडवतं, अशी समजूत. म्हणून या घोडीला वरातीत कुणी घेत नव्हतं. चाचानं काजळात तेल खलून ते केस बसवले होते, वर साबण लावून चापून टाकले होते. बाईंनी कमरेचा रुमाल काढला, ओला केला आणि सगळ्या मैदानासमोर तो डाग पुसला. खालचा भोवरा उघडा पडला. कडेला उभे असलेले लोक कुजबुजायला लागले. एकानं तर मोठ्यानं "तौबा" म्हटलं.

मी रिंगणाच्या दोरीपाशीच होतो. बाई चाचाला हळू म्हणाल्या ते मला ऐकू आलं. "छुपाना कायकू, चाचा? इसमें शरम की क्या बात?"

चाचाला वाटलं, संपलं. त्यानं लगाम आवळला आणि घोडी बाहेर न्यायला लागला. बाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

पंचांनी आपापले नंबर लावले. दुसरे पंच सज्जन गृहस्थ, पण भोवरा दिसला की हात मागे घेणारे. त्यांनी पंचकल्याणी घोडा पहिला लावला आणि मान, कान, रंग अशी कारणं सांगितली. टाळ्या पडल्या. आता बाई. कर्नलसाहेबांचा निकाल शेवटी यायचा होता. ते खुर्चीत हनुवटीखाली मूठ धरून बसले होते आणि त्यांच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. भोवरे बघण्यात त्यांचंही सगळं आयुष्य गेलेलं, हे मला माहीत होतं. बाईंनी माइक घेतला, घसा साफ केला.

"पहला नंबर, कुमैत घोडी. कायकू, सुनो. चारों खूर एक सरीके. पांव की हड्डी सीधी. दुडकी में पीछे का पांव बराबर सामने के पांव की जगह पे पड रहा, मिट्टी पे निशान हैं, जाके देख लो. दुसरा नंबर, पंचकल्याणी. गर्दन इसकी घोडी से अच्छी है, कानां बी अच्छे हैं, मैं मानती. मगर चलते वखत पीछे के घुटने अंदर कू आ रहे. सामने से नै दिखता, पीछे से दिखता. इस वास्ते दुसरा." मग त्यांनी घोडीकडे बोट केलं. "और घोडी की आंख के नीचे भंवरी है. मैं देखी, आप लोगां बी देखे. उसका एक बी नंबर मैं काटी नै. घोडी पांव पे चलती, भंवरी पे नै चलती."

मैदानात कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, बाई गेल्या. तेवढ्यात मी एक गोष्ट पाहिली आणि ती मी कधी विसरणार नाही. उपाध्यक्ष खुर्चीवरून उठले, दोरीखालून वाकून रिंगणात आले आणि आपल्याच घोड्याच्या मागे जाऊन उकिडवे बसले. "चला रे इसकू," साईसला म्हणाले. घोडा चालला. उपाध्यक्ष बघत राहिले. मग गुडघे झाडत उठले आणि मान डोलावत जाऊन खुर्चीवर बसले.

आता कर्नलसाहेब माइकपाशी आले. त्यांनी घोडीला आणखी एकदा दुडकी घ्यायला लावली. "मेरा बी नंबर घोडी कू," ते म्हणाले. "कारण वोइच, जो मॅडम बोले. मेरे कने उस्से अच्छा नै है. और मॅडम आज से हमारे पंच हैं."

मग मात्र टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. चाचा घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडत होता, आणि कुणीतरी ओरडलं की बघा, रडवलंच की नाही मालकाला! सगळं मैदान हसलं, चाचाही हसला. बाई मात्र कुणाकडे न बघता तरातरा माझ्याकडे आल्या. "भाऊ, चुकलं का काही?" त्यांनी विचारलं. मी शिपायापासून साहेबापर्यंत कुणासमोर डोळे पुसणारा माणूस नाही, पण त्या दिवशी पुसले.

त्यानंतर बाई पुढंच जात राहिल्या. दुसऱ्या राज्यातल्या प्रदर्शनांना बोलावणी यायला लागली. तिकडच्या समितीनंही बोलावलं, आणि बाई मापाच्या काठीची चौकशी करून आल्या. पुढं त्या सेवानिवृत्त झाल्या. कचेरीत त्यांच्या जागी एक मुलगी आली. चांगली आहे, पण ती चेहऱ्याकडे बघते आणि मोबाइलकडे बघते. समोसे आता मी कुठलाही उचलून खातो.

मागच्या हिवाळ्यात बाईंचा फोन आला. नांदेडकडच्या एका जत्रेत घोड्यांच्या निवडीला मुख्य पंच म्हणून बोलावलं होतं. त्यांच्या आजोबांच्याच तालुक्यात. "जायचं तर आहे, भाऊ, पण मला सगळं दखनीत येतं. मराठीत कसं सांगू? गुडघ्याखालच्या हाडाला काय म्हणायचं?" मी उदगीरला चुलत्यांना फोन लावला. नळी म्हणतात, त्यांनी सांगितलं. अशी आठ-दहा नावं आम्ही जमवली. बाईंनी ती पाठ केली.

जत्रेच्या दिवशी दुपारी फोन वाजला. "चालू ठेवते. तुम्ही नुसतं ऐका. शब्द चुकला तर मागाहून सांगा." मी कचेरीच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. आधी गलका, मग भोंग्यातून बाईंचा आवाज. पहिला नंबर, त्याची कारणं. दुसरा, तिसरा. खूर, घोटे, नळी, पाठ. एकही शब्द अडला नाही. आमची मराठी, पण खणखणीत. शेवटी त्या म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी इथंच उभी आहे."

मग गर्दीतून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "बाई, तुम्ही कुठल्या? कुणाच्या?"

तिकडे हा प्रश्न कशासाठी विचारतात ते मलाही कळतं, बाईंनाही कळत होतं. भोंग्यातून त्यांचा आवाज आला, आधी होता तेवढाच मोठा. त्यांनी गावाचं नाव सांगितलं. आजोबांचं नाव सांगितलं. गावाच्या कुठल्या अंगाला घर होतं, तेही सांगितलं.

भोंग्याची खरखर तेवढी ऐकू येत राहिली. जिन्यातून माणसं जात होती, कुणीतरी मला काही विचारत होतं, मी हातानंच गप्प केलं.

मग तोच म्हातारा आवाज पुन्हा आला. "बरं बरं. मग माझ्या घोडीचा चौथा का, ते सांगा."

आणि बाईंनी त्याला सांगितलं.